छोटा सिंथ, टॅबलेट आणि लॅपटॉप: ठेका पुन्हा पुन्हा सुटतो तेव्हा

टेबलावर तीन वस्तू. लॅपटॉपवर ड्रमचा लूप, टॅबलेटवर बासची ओळ आणि हातात कॅल्क्युलेटरएवढा सिंथ (सिंथेसायझर). पहिली चार-पाच आवर्तनं झकास जातात. मग बास किंचित मागे रेंगाळतो, सिंथ पुढे पळतो आणि समेवर तिघं तीन वेगळ्या क्षणी पोचतात. थांबवून पुन्हा सुरू केलं की जुळतं. थोड्या वेळाने परत सुटतं.

हा त्रास मी आजवर निदान पाच वेळा ‘कायमचा’ मिटवलाय. एकदा बफर (त्याबद्दल पुढे) कमी केला, एकदा केबल बदलली, एकदा तर अख्खं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. दर वेळी काही दिवस बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. पाचही वेळा दुखणं वेगळं होतं, कानाला लक्षण मात्र एकच ऐकू येत होतं, हे कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. उशीर, घसरण आणि डगमग ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. उशीर घालवायला बफर कमी केला आणि मुळात डगमग असली, तर ती आणखी वाढते.

आधी पाच मिनिटं रेकॉर्ड करा

सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो १२० ठेवा. सिंथवर दर मात्रेला एक कोरडा, टोकदार आवाज लावा. रिमशॉट उत्तम. पॅड किंवा स्ट्रिंग नको, त्यांचा आवाज नेमका कुठे सुरू झाला हे वेव्हफॉर्मवर दिसतच नाही. बाकी सगळं रोज जोडता तसंच जोडा. शहाणपणा करून ‘चांगली’ केबल लावू नका, कारण आपल्याला रोजचीच परिस्थिती तपासायची आहे. सलग पाच मिनिटं सिंथ एका ट्रॅकवर घ्या.

मग झूम करा. पहिल्या मिनिटातल्या एका मात्रेला ग्रिडची रेघ आणि आवाजाचं टोक यांत किती अंतर आहे ते मोजा. शेवटच्या मिनिटातही तसंच मोजा. मधल्या दहा-बारा मात्राही ओळीने बघून घ्या.

सुरुवातीला १४ मिलिसेकंद आणि शेवटीही १४, तर तो उशीर. १४चे वाढत वाढत दीडशे झाले, तर घसरण. एका मात्रेला ६, पुढच्या मात्रेला २२, मग ९, असं वेडंवाकडं दिसलं तर डगमग. कधीकधी दोन दुखणी एकत्रही असतात, पण त्यातलं मोठं कुठलं ते इथे लगेच कळतं.

तफावत ठरलेली असेल तर

ही लेटन्सी, म्हणजे उशीर. हिच्यावर सगळ्यात जास्त लिहिलं जातं आणि खरं तर हीच सगळ्यात सोपी आहे. संगणक आवाज थेंबाथेंबाने न घेता बादली भरली की उचलतो. बादली म्हणजे बफर. ४४,१०० सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६चा म्हणजे ५.८, १२८चा म्हणजे २.९. ही एका दिशेची बेरीज झाली. आवाज आत येतो आणि बाहेरही जातो, म्हणजे दुप्पट, वर यूएसबी आणि कन्व्हर्टरचा थोडा वेळ. १० मिलिसेकंदांत हवेतला आवाज साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातला स्पीकर ऐकत वाजवल्यासारखं. तेवढं हाताला चालतं. २५-३०च्या पुढे गेलं की बोटं आपोआप अडखळायला लागतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी बफर १२८ आणि मिक्सिंगच्या वेळी ५१२ किंवा १०२४. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. विंडोजवर असाल तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर ‘एसिओ’ (कमी उशिरासाठी बनवलेला) निवडलाय का ते बघा. एमएमई किंवा डायरेक्टसाउंड निवडलेलं असेल तर बफर कितीही कमी करा, उपयोग शून्य. इंटरफेसचा, म्हणजे आवाज संगणकात आत-बाहेर नेणाऱ्या डबीचा, स्वतःचा एसिओ ड्रायव्हर असेल तर तोच वापरा. एसिओफॉरऑल ही तडजोड आहे, चालते, पण आधी खरा ड्रायव्हर शोधा. मॅकवर ही भानगड नाही, तिथे कोअर ऑडिओ आधीपासून असतो. अँड्रॉइडवर आवृत्ती ८ म्हणजे २०१७पासून एऑडिओ आला आणि परिस्थिती बरीच सुधारली, तरी फोनाफोनांत फरक पडतोच. एका फोनवर मस्त चालणारं ॲप दुसऱ्यावर चिखलात चालल्यासारखं वाटलं, तर ॲपला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर वरचं सगळं विसरा. तिथे उशीर शे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जातो आणि कुठलंही बफरचं सेटिंग तो कमी करत नाही. त्यात हेडफोनचा माइक चालू झाला की हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि आवाज एकदम टेलिफोनसारखा, मोनो आणि चपटा होतो. ‘अचानक सगळं मातकट ऐकू येतं’ अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के हेच. वायरचे हेडफोन घ्या, स्वस्तातले असले तरी चालतील.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी करत नाही आणि करायला हवी. इंटरफेसच्या आउटपुटमधून निघालेली केबल त्याच्याच इनपुटमध्ये घाला, त्या वेळी इनपुटचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी कानठळ्या बसवेल. एक टिक बाहेर पाठवून रेकॉर्ड करा. माझ्याकडे ती टिक ६१८ सॅम्पल उशिरा आली. ४४,१०० रेटला ते १४ मिलिसेकंद होतात. सॉफ्टवेअरने स्वतःहून भरपाई केलेली असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ येतो. नसेल केली, तर रेकॉर्डिंग ऑफसेटच्या खान्यात तो आकडा भरा, मग प्रत्येक ट्रॅक हाताने मागे ओढायची गरज उरत नाही. मी कित्येक महिने प्रत्येक ट्रॅक माउसने ओढत होतो. असो.

तफावत वाढत जात असेल तर

माझी पाचपैकी तीन दुखणी इथली निघाली.

आधी एक हिशेब. लॅपटॉप १२०वर आणि सिंथ १२०.१वर असला, तर पाच मिनिटांत एकाच्या ६०० मात्रा होतात आणि दुसऱ्याच्या साडेसहाशे नव्हे, नुसत्या ६०० आणि अर्धी. पण ती अर्धी मात्रा म्हणजे २५० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात ठेका पार उलटा पडतो. दोन्हीकडे पडद्यावर १२० दिसतंय म्हणून दोघं एकाच वेगाने चाललेत असं धरून चालू नका. प्रत्येकाचं घड्याळ स्वतःच्या स्फटिकावर चालतं. दोघांना एकाच टाळेवर आणलं नाही तर घसरण होणारच.

ती टाळ म्हणजे मिडी क्लॉक. मिडी ही वाद्यं आणि संगणक यांची एकमेकांना इशारे पाठवायची भाषा. तो टेम्पोचा आकडा पाठवत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दर चतुर्थांश स्वरामागे म्हणजे आपल्या एका मात्रेमागे तो २४ ठोके पाठवतो. १२०च्या वेगाला दर २०.८ मिलिसेकंदांना एक. ऐकणारं यंत्र ते ठोके मोजून वेग ओळखतं. त्यामुळे ‘केबल जोडलीय, लॅपटॉप क्लॉक पाठवतोय’ एवढ्याने भागत नाही. सिंथच्या सेटिंगमध्ये क्लॉकचा स्रोत ‘एक्स्टर्नल’ किंवा ‘ऑटो’ हवा. तो ‘इंटर्नल’वर असला तर काही सिंथ स्टार्टचा इशारा ऐकून अगदी बरोबर सुरू होतात आणि पुढे स्वतःच्या मर्जीने चालतात. म्हणूनच पहिली चार आवर्तनं झकास जातात. खात्री करायची सोपी रीत: वाजत असताना लॅपटॉपचा टेम्पो १२०वरून एकदम ९० करा. सिंथ मागोमाग मंदावला तर तो ऐकतोय. तसाच चालत राहिला तर त्याचे कान बंद आहेत.

कान बंद असतील तर केबलकडे बघा. आजकाल बऱ्याच छोट्या सिंथवर मिडीसाठी पाच पिनांची जाड खोबण नसते, हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. तिथे दोन पद्धती रुजल्या, टाइप ए आणि टाइप बी. दोघांत टोकाची आणि मधल्या कड्याची जोडणी उलटसुलट असते. २०१८मध्ये मिडीच्या संघटनेने टाइप ए प्रमाण ठरवला, पण त्याआधीची टाइप बीची यंत्रं अजून वापरात आहेत. बाहेरून दोन्ही ॲडाप्टर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. चुकीचा लावला तर काही जळत नाही, नुसतं काहीच घडत नाही. माझ्याकडे आता एकावर निळा आणि एकावर लाल धागा बांधलाय.

काही छोट्या यंत्रांना मिडी कळतच नाही, आणि काही मिडी कळत असूनही नुसत्या विजेच्या ठोक्यावर चालवता येतात. कॉर्गचे व्होल्का आणि टीनेज इंजिनिअरिंगचे पॉकेट ऑपरेटर दर मात्रेला दोन ठोक्यांवर चालतात. समोरचं यंत्र चार पाठवत असेल तर बिचारं दुप्पट वेगाने धावतं. वेग नेमका दुप्पट किंवा निम्मा झाला असेल तर केबल तपासत बसू नका, ठोक्यांच्या संख्येचं सेटिंग बघा.

आता माझा स्वतःचा घोळ सांगतो. असाच एक ठोक्यावर चालणारा सिंथ मी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून चालवत होतो. सॉफ्टवेअरमध्ये डाव्या बाजूला ठोके, उजव्या बाजूला गाणं. दिवसा व्यवस्थित चालायचं आणि रात्री हमखास सुटायचं. मी उष्णतेपासून बॅटरीपर्यंत सगळ्याला दोष देऊन झालो. शेवटी एका रात्री सिंथकडे बघता बघता लक्षात आलं की दर थोड्या वेळाने त्याचा दिवा एक ठोका गाळतोय. रात्री घरातले झोपले की मी लॅपटॉपचा आवाज कमी करायचो. आवाज कमी म्हणजे डाव्या बाजूचे ठोकेही बारीक, आणि त्यातले काही सिंथपर्यंत पोचतच नव्हते. ठोक्याची बाजू कायम पूर्ण आवाजावर ठेवायची आणि ऐकण्याचा आवाज दुसरीकडून कमी करायचा. लॅपटॉपमधली ‘साउंड एन्हान्समेंट’सारखी सुविधाही बंद करा, ती ठोक्याचं टोक घासून गोल करते. आणि अशा मांडणीत रेकॉर्डिंगमध्ये एका कानात टकटक ऐकू आली तर तो बिघाड नाही, ते ठोकेच रेकॉर्ड झालेत. ती बाजू म्यूट करा.

दुसरी एक गंमत: लॅपटॉप सिंथला क्लॉक पाठवतो आणि सिंथही लॅपटॉपला उलट पाठवतो. दोघंही टाळ धरून दुसऱ्याच्या मागे जायला बघतात, आणि टेम्पोचा आकडा १२०.३, ११९.१, १२१ असा नाचायला लागतो. टाळ एकाच्याच हातात द्या. दुसऱ्याचं क्लॉक पाठवणं बंद.

टॅबलेट आणि लॅपटॉप यांच्यापुरतं बोलायचं तर मी आता मिडी क्लॉक वापरतच नाही, लिंक वापरतो. एबलटनने हे २०१६मध्ये आणलं. एकाच वायफायवरची ॲप्स टेम्पो, मात्रा आणि आवर्तनातली जागा आपसांत जुळवतात, कोणी एक म्होरक्या नसतो. मोठ्या वायफायवर गर्दी असेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून दोघांना त्यावर घ्या. इंटरनेट नसलं तरी चालतं.

घसरणीचं आणखी एक मूळ आहे, ते मिडी क्लॉकशी संबंधित नाही. सिंथ स्वतःच यूएसबीवरून साउंड कार्ड म्हणून दिसतो, आणि तुम्ही इनपुट त्याच्याकडून घेता, आउटपुट मात्र लॅपटॉपच्या कार्डाला देता. दोन कार्डं, दोन स्फटिक. त्यांत समजा दहा लाखांत पन्नास इतकाच फरक असला, तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद होतात आणि अर्ध्या तासाच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये ९०. मॅकवर ॲग्रिगेट डिव्हाइस (दोन कार्डांचं मिळून एक) करताना ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करा. विंडोजवर सरळ एकच कार्ड वापरा.

तफावत वेडीवाकडी असेल तर

इथे यंत्राला धाप लागलेली असते. यूएसबी हबवर चार-पाच वस्तू लटकलेल्या, मागे ब्राउझरच्या तीस टॅब उघड्या, लॅपटॉप ‘पॉवर सेव्हिंग’वर. सोबत कडकड असा आवाज येत असेल तर नक्कीच. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन आहे, ते पाच-दहा मिनिटं चालवलं की कोणता ड्रायव्हर रस्ता अडवतोय ते नावानिशी सांगतं. फार वेळा तो वायफायचा असतो. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करून बघा. लिंक वापरत असाल तर अर्थात हे जमणार नाही, तेव्हा टॅबलेट केबलने जोडा.

मिडीची पाच पिनांची केबल १९८३पासूनच्या वेगाने चालते, सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर पाठवायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा स्वरांचा गच्च कॉर्ड एकदम वाजवला तर पहिल्या आणि शेवटच्या स्वरात दहा मिलिसेकंदांच्या आसपास फरक पडतो. त्यात कोणी त्याच केबलवर नॉब गरागरा फिरवत असेल तर स्वर रांगेत उभे राहतात. जुन्या केबलचा दोष नाही, तिच्यावरची गर्दी कमी करा.

सूर चढला तर

ही तक्रार वेगळी वाटते पण याच घरातली आहे. टॅबलेटवर ४४,१००ला केलेलं गाणं लॅपटॉपने ४८,०००चं समजून वाजवलं, तर चार मिनिटांचं गाणं साधारण तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतं आणि सूर जवळजवळ दीड सेमिटोन (अर्धस्वर) चढतो. म्हणजे तुमचा सा कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध कुठेतरी लटकतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. गाणारा बेसूर झालाय असं वाटण्याआधी दोन्हीकडचा सॅम्पल रेट बघा. कुठलाही एक घ्या, पण सगळीकडे तोच.

आणि ती चिरचिर

ठेक्याशी हिचा संबंध नाही, पण छोटा सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडला की बऱ्याच जणांना ही भेटते. बारीक शिट्टीसारखा आवाज, माउस हलवला की बदलणारा, पानं वर-खाली सरकवली की गाणारा. सिंथ बिघडलेला नाही. यूएसबीची केबल आणि ऑडिओची केबल अशा दोन वाटांनी सिंथ आणि लॅपटॉप यांची ग्राउंड जोडली जाते, वर्तुळ पूर्ण होतं, आणि लॅपटॉपच्या आतला गोंगाट त्यातून आवाजात शिरतो.

पहिली चाचणी: लॅपटॉपचा चार्जर काढा. चिरचिर गेली किंवा निम्म्यावर आली तर निदान पक्कं. दुसरी: सिंथ स्वतःच्या बॅटरीवर चालवा आणि यूएसबी काढा. पूर्ण शांत? मग यूएसबीऐवजी पाच पिनांच्या मिडीने सिंक करा. मिडीच्या मूळ रचनेत घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर आहे, इशारा प्रकाशाने पलीकडे जातो, ग्राउंड जोडली जात नाही. चाळीस वर्षांपूर्वी लोकांनी हा विचार करून ठेवला होता आणि आपण यूएसबीच्या सोयीसाठी तो सोडून दिला.

यूएसबीच हवी असेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, पण घेताना बघा. त्यातले पुष्कळसे फक्त सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंत चालतात. मिडीपुरत्या सिंथला ते भरपूर आहे, मात्र हाय-स्पीडवर चालणारा ऑडिओ इंटरफेस त्यावर चालू होत नाही. नाहीतर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स घाला. काही जण चार्जरच्या अर्थिंगची पिन कापायचा सल्ला देतात. तो अजिबात मानू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही.

परत का येतं

बहुतेक वेळा आपण काही बदललेलं नसतं, पण काहीतरी बदललेलं असतं. यूएसबीची केबल डाव्याऐवजी उजव्या भोकात गेली की विंडोज अनेकदा तेच यंत्र नवीन समजतं आणि सेटिंग मूळपदावर जातात. अपडेट आलं की सॅम्पल रेट ४८,०००वर उडी मारतो. फोनवर कॉल आला की आवाजाचा मार्गच बदलतो. सिंथची बॅटरी पूर्ण उतरली की काही सिंथ क्लॉकचं सेटिंग विसरतात. आणि केबल. फोन चार्ज करायच्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतातच. दिसायला सारख्या, दिवाही लागतो, पण लॅपटॉपला सिंथ दिसत नाही. माझी तशी एक केबल तीनदा कचऱ्यात जाता जाता वाचली आणि तीनदा परत संगीताच्या पिशवीत आली. आता तिला गाठ मारून ठेवलीय.

लॅपटॉपच्या झाकणाच्या आत एक कागदी पट्टी चिकटवलीय. तिच्यावर लिहिलंय: ४८,०००, १२८, डावं भोक, टाळ लॅपटॉपकडे, सिंथ एक्स्टर्नल, ऑफसेट आणि त्याच्यापुढे सॅम्पलचा आकडा. हा आकडा पेन्सिलीने, कारण बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की तोही बदलतो. बसायच्या आधी तीस सेकंद रिमशॉट रेकॉर्ड करून पहिली आणि शेवटची मात्रा बघून घेतो. गेल्या महिन्यात एकदा त्यात तफावत वाढताना दिसली. पट्टी वाचली, सिंथ इंटर्नलवर होता. आदल्या दिवशी प्रवासात मी तो एकटाच वाजवला होता.